पाण्यासाठी मागितलेला पैसा पाण्यालाच द्या : मदतफेरी समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
युद्धग्रस्त विस्थापित मदतफेरी समिती

अध्यक्ष महोदय आणि समितीतील भाऊ-ताई,

सप्रेम नमस्कार.

मदतफेरीत जमा झालेल्या रकमेतून बसस्थानकाच्या चौकात वॉटर एटीएम बसवायचे, त्यावर समितीचे नाव टाकायचे आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवायची, असा ठराव आपण गेल्या बैठकीत केलात. मी तिथेच विरोध केला होता. तो इतिवृत्तात आला नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. गावाचे किंवा कोणा माणसाचे नाव मी यात घेतलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, मला ठराव बदलून हवा आहे.

या फेरीत डबा घेऊन मी आठवडे बाजारात उभी होते, शाळांत गेले, जिनिंगच्या फाटकावर थांबले. आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘युद्धामुळे घर सोडावे लागलेल्यांना शुद्ध पाणी आणि औषध’. लोकांनी त्या शब्दांवर पैसे दिले. कापूस वेचून परतणाऱ्या एका बाईने मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलेली वीसची नोट काढून डब्यात टाकली. मी म्हटले, माय, राहू दे, तुलाच लागतील. ती म्हणाली, ‘आमनाकडे पानी नही, पन तेस्नाकडे तं घरबी नही ना.’ त्या बाईला आता बसस्थानकातले एटीएम दाखवून मी काय सांगू? तिने ते मागितले नव्हते. त्याच्यासाठी तिने पैसे दिलेही नव्हते.

मी आरोग्य खात्यात आयुष्य काढले. सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून तापीकाठच्या गावांपर्यंत माझी नोकरी झाली. आरोग्य सहायिका म्हणून मी बाळंतपणे पाहिली, पोलिओचे बूथ लावले आणि गॅस्ट्रोच्या साथीत रात्र-रात्र काढली. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली का, शेवटच्या नळाला क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का, हे पाहणे माझ्या कामाचा भाग होता. ज्या गावात पाण्याची हेळसांड असे त्या गावाला लाल कार्ड मिळे, आणि त्यावरून सरपंचांचा रागही आम्ही सोसला आहे. त्यामुळे दूषित पाणी माणसाचे काय करते हे मला कोणी सांगायला नको. सकाळी अंगणात खेळणारे पोर संध्याकाळी डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सोडली तरी तशीच उभी, अशी पोरे मी मांडीवर घेतली आहेत. युद्धातून पळालेल्या माणसांच्या छावणीत असे एक पोर नसते. ओळीने असतात.

बैठकीत ठरावाच्या बाजूने जी कारणे सांगितली गेली, त्यांना मी एकेक करून उत्तर देते.

‘आपल्याकडेच आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येतो, आधी आपले पाहा.’ हे पहिले आणि सर्वांत जास्त टाळ्या मिळालेले कारण. हे दुखणे खरे आहे. खान्देशात उन्हाळा कसा जातो हे मी कोणाकडून ऐकलेले नाही. धडगावच्या बाया झिऱ्यात उतरून वाटीवाटीने हंडा भरताना मी पाहिल्या आहेत. पण आपल्या नळाला पाणी नाही याला जबाबदार यंत्रणा आहे. नगरपरिषद पाणीपट्टी घेते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचे असे सरकारने स्वतः लिहून ठेवले आहे. ते मिळाले नाही तर आपण हंडा मोर्चा काढतो, मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर गढूळ पाण्याची बाटली ठेवतो, निवडणुकीत हिशेब मागतो. युद्धाने उठवलेल्या बाईने हंडा मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा? तिची नगरपालिका मागे राहिली, बरेचदा जळाली. तिच्या नावाची पाणीपट्टी कुठल्याच वहीत नाही. जिथे ती बसली आहे तिथल्या सरकारची ती मतदार नाही. आपली आणि तिची तहान सारखी असेल, पण आपल्याला मागायला जागा आहे आणि तिला नाही. म्हणून हा पैसा तिच्या वाट्याचा आहे.

बसस्थानकात पाण्याची सोय हवीच. तिच्यासाठी नगरपरिषदेकडे चला, मी पहिल्या रांगेत येते.

आणि आपण गरीब आहोत म्हणून देऊ शकत नाही, हेही मला पटत नाही, कारण याच मातीने ते करून दाखवले आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या मदतीसाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लागू झाले, ते १९७३च्या मार्चअखेरपर्यंत चालले. आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवरचे ते तिकीट मला आठवते, मी तेव्हा शाळेत होते. तोच काळ महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचा. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, मिलो नावाची लाल ज्वारी खात होते, आणि पत्र टाकायचे झाले तर ते पाच पैसेही देत होते.

‘एवढ्याशा रकमेने काय होणार?’ हे दुसरे कारण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा माझ्या कामाचा विषय आहे आणि बैठकीत मला दोन मिनिटेही बोलू दिले गेले नाही.

छावणीत माणसाला जगायला किती पाणी लागते याची मोजमापे ठरलेली आहेत. त्यांना स्फिअर मानके म्हणतात आणि मदतकार्य करणाऱ्या संस्था ती जगभर पाळायचा प्रयत्न करतात. दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. २५० माणसांमागे एक नळ. पाण्याची जागा राहत्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत. २० माणसांमागे एक शौचालय. आता हिशेब मांडा. हजार माणसांची छावणी असेल तर दिवसाला १५ हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्याकडचा दहा हजारी टँकर धरला तर दीड टँकर. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, हे आपले जलसुरक्षक रोज करतात. म्हणजे हजार माणसांचे पाणी निर्जंतुक करायला दिवसाला ७५ ग्रॅम पावडर पुरते. मूठभर. टाकल्यावर अर्धा तास थांबायचे आणि शेवटच्या नळाला क्लोरीन उरले आहे का ते तपासायचे. यात न परवडणारे काय आहे? लागतो तो माणूस, जो रोज न चुकता हे करील, आणि लागते ती टाकी, झाकण असलेली आणि तोटी असलेली, म्हणजे कोणी भांडे आत बुडवणार नाही. जळगावच्या एमआयडीसीत पाइप तयार होतात. टाक्या, तोट्या आपल्या बाजारात मिळतात. हे सामान काय आणि कसे जोडायचे, हे खान्देशातल्या प्लंबरला शिकवावे लागत नाही.

औषधाचेही तेच. १९७१मध्ये बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. तिथल्या दवाखान्यात खाटा थोड्या, रुग्ण जमिनीवर, आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या मापाने पाण्यात मिसळून पिंपांत भरले आणि ते रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. तिथे शंभर रुग्णांत तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. महालनबीस २०२२मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्या प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असणारी ओआरएसची पुडी लोकांच्या भरवशाला उतरली ती त्या छावणीत. तेव्हा ‘एवढ्याने काय होणार’ असे दुसऱ्या कोणी म्हणावे. ओआरएस वाटून पोरे वाचवलेल्या जिल्ह्यातल्या समितीने तरी म्हणू नये.

‘पैसा परदेशात पाठवता येत नाही.’ हे तिसरे. धर्मादाय निधी देशाबाहेर खर्च करायला परवानग्या लागतात, हे खरे आहे. पण आपल्या फलकावर ‘परदेशातील’ हा शब्दच नव्हता. युद्धाने उठवलेली माणसे आपल्या देशातही राहतात, आणि हे मी बैठकीत सांगत असतानाच मला थांबवले गेले. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता घेतली. तेव्हापासून तिथल्या चिन प्रांतातली हजारो माणसे तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. चंफाई जिल्ह्यात झोखावथार नावाचे सीमेवरचे गाव आहे. नदीपलीकडे लढाई पेटली की लोक तिथे येतात. २०२५च्या जुलैत असेच काही हजार लोक अवघ्या काही दिवसांत आले. मिझो लोकांनी त्यांना भाऊबंद मानून जागा दिली, चर्चने आणि गावांनी धान्य गोळा केले. मिझोराम आपल्यापेक्षा लहान राज्य आहे आणि श्रीमंतही नाही. तिथली डोंगरावरची गावे झऱ्यांवर आणि छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालतात, आणि पाऊस संपला की तिथेही टंचाई होते. त्यात मलेरियाचा जोर. ज्याने धडगावात काम केले आहे त्याला ते चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. तिथे रीतसर नोंदणी असलेल्या, हिशेब तपासून घेणाऱ्या संस्थेला चेकने पैसे द्यायला कोणत्या परदेशी कायद्याची अडचण आहे?

उलट कायद्याची अडचण आपल्या ठरावाला आहे. गणेश मंडळे घेतात तशी आपण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कखाली वर्गणीची परवानगी घेतली होती. त्या अर्जात हेतू लिहिलेला आहे. एका हेतूसाठी लोकांकडून घेतलेला पैसा दुसऱ्याच कामाला वळवणे समितीच्या साध्या ठरावाने होत नाही. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर काय करायचे याची रीत त्याच कायद्याच्या कलम ५५मध्ये दिली आहे, आणि ती धर्मादाय आयुक्त व न्यायालय यांच्याकडून जाते. आपला हेतू अशक्य झालेलाच नाही. तो अजून कोणी करून पाहिलेला नाही.

चौथे कारण कारण म्हणूनही मांडले गेले नाही. एका सदस्याने विचारले, ‘ती माणसे नेमकी कोणाची?’ आणि बाकीचे गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला ठरावापेक्षाही जास्त त्रास झाला. मी स्पष्ट लिहिते. चिन लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत. सुदानमधून पळणारे बहुतेक मुसलमान. १९७१मध्ये आले त्यांत हिंदू जास्त होते. डब्यावर यातली कुठलीच अट नव्हती, आणि अट असती तर मी तो डबा हातात धरला नसता. वस्तीत गॅस्ट्रो निघाला की आम्ही विहिरीत टीसीएल टाकायचो, तेव्हा त्या विहिरीवर कोण पाणी भरते याची यादी कोणी मागितली नाही.

शिवाय रोगाला तर सीमा माहीतच नाही. मी वर्षानुवर्षे पल्स पोलिओच्या बूथवर बसले. विटभट्टीवरची, ऊसतोडीच्या तळावरची, रेल्वे स्थानकावरची एकही पोर सुटू नये म्हणून आम्ही बोटाला शाई लावत फिरलो. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेढे वाटले. २०२४च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की गाझात दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओने लुळे केले. तिथे २५ वर्षांनी पोलिओ परतला होता. त्याआधी जुलैतच सांडपाण्यात विषाणू सापडला होता. गटारे फुटलेली, लसीकरण मोडलेले, माणसे एका तंबूतून दुसऱ्या तंबूत हाकललेली. मग थोड्या-थोड्या तासांसाठी लढाई थांबवून सप्टेंबरमध्ये साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजले गेले. बॉम्बखाली बूथ लावणाऱ्या त्या परिचारिका माझ्याच जातकुळीच्या आहेत, असे मला तेव्हा वाटले, आजही वाटते.

आता मुदत ठेवीबद्दल. बाकी सगळे एकवेळ मी समजून घेईन, पण हे नाही.

विस्थापितांचे मरण पहिल्या काही आठवड्यांत ठरते. जुलै १९९४मध्ये रवांडातून लाखो माणसे काही दिवसांत झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहराजवळ येऊन पडली. जमीन ज्वालामुखीच्या कठीण खडकाची, तिथे विहीर खणता येईना की शौचालयाचा खड्डा. लोकांनी किवू सरोवराचे पाणी तसेच प्यायले. पहिल्या महिनाभरात सुमारे ५० हजार माणसे मेली, त्यांतली बहुतेक पटकीने आणि रक्ती हगवणीने. गोमाच्या धड्यानंतरच १९९७पासून ती १५ लिटरची आणि २० माणसांमागे एक शौचालयाची मानके लिहायला घेतली गेली. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ला युद्ध सुरू झाले आणि एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. २०२५च्या मे महिन्यात ओमदुरमानच्या वीज केंद्रांवर ड्रोन पडले. वीज गेली, त्यामुळे पाणी शुद्धीकरणाची केंद्रे थांबली, लोकांनी मिळेल तिथून पाणी भरले. एका आठवड्यात पटकीचे २,७०० हून अधिक रुग्ण आणि १७२ मृत्यू नोंदले गेले. पंप बंद पडल्यापासून मरणापर्यंत किती कमी दिवस जातात पाहा. त्या दिवसांत बँकेत व्याज खात पडलेला पैसा कोणाच्याही कामाचा नाही.

आणि फक्त जुलाबांचेच नाही. छावणीत आलेल्या बाईचे दिवस भरलेले असतात, तिला स्वच्छ पाणी, दाई आणि रक्तस्राव थांबवायचे इंजेक्शन लागते. सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला गोवराची लस आधी टोचायची असते, कारण दाटीवाटीत गोवर वणव्यासारखा जातो आणि कुपोषित पोराला तो सोडत नाही. टीबीचा कोर्स अर्धवट सुटतो. साखरेची, दाबाची गोळी वाटेत संपते. जखमींचे फोटो पेपरात येतात. पण युद्धातून वाचून आलेली म्हातारी इन्सुलिनवाचून गेली तर तिची बातमी होत नाही.

आणखी एक तक्रार. पहिल्या बैठकीत ठरले होते की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला निवेदन द्यायचे. ते गुपचूप वगळले गेले. ते का द्यायला हवे हे सांगते. २७ एप्रिल २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २५७३ एकमताने संमत केला. पाण्याच्या योजना, दवाखाने, अन्न अशा ज्या गोष्टींवाचून सामान्य माणूस जगू शकत नाही त्यांना युद्धात हात लावू नका, असा तो ठराव. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता, म्हणजे त्या एकमतात आपला देश आहे. पण युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेले १९७७चे जे पूरक करार पिण्याच्या पाण्याच्या साधनांवर हल्ला करायला स्पष्ट बंदी घालतात, त्यांत भारत अजून सहभागी नाही. परिषदेत जे मान्य केले ते करारावर सही करूनही मान्य करा, एवढी विनंती गावाने सरकारला करायला काय हरकत होती? आमच्या वरणगावला काडतुसे तयार होतात, भुसावळलाही आयुध निर्माणी आहे. त्या कारखान्यांत आपल्या घरची माणसे इमानाने नोकरी करतात. ज्या भागातून सैन्याला सामान जाते त्या भागाने युद्धाच्या मर्यादांबद्दल बोलावे, यात गैर काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

वॉटर एटीएमचा आणि मुदत ठेवीचा ठराव रद्द करावा.

जमा झालेली पूर्ण रक्कम आणि आजवरचा खर्च, मंडप आणि फलकाच्या खर्चासकट, नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. आकडा लोकांना कळलाच पाहिजे, तो त्यांचा आहे.

रक्कम मिझोराममधल्या विस्थापितांच्या पाण्यासाठी आणि औषधांसाठी द्यावी. संस्था निवडायला तीन माणसे नेमा. त्यांत एक डॉक्टर आणि एक पाणीपुरवठ्यातला माणूस असावा. त्यांनी चंफाईच्या जिल्हा प्रशासनाशी आधी बोलावे, तिथे कशाची गरज आहे हे विचारावे, आणि मगच द्यावे. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे पाठवू नयेत. कदाचित त्यांना टाक्या नकोच असतील, क्लोरीन गोळ्या आणि परिचारिकेचा पगार हवा असेल. ते म्हणतील ते द्या.

वगळलेले निवेदन पुन्हा घ्यावे. मसुदा मी लिहून देते.

आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा.

पावतीपुस्तकांच्या माझ्याकडच्या स्थळप्रती मी जपून ठेवल्या आहेत. येत्या आठवडे बाजारापर्यंत विशेष बैठक बोलावली नाही, तर त्या घेऊन मी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देणार आहे, आणि ज्यांनी डब्यात पैसे टाकले त्यांपैकी जे येतील त्यांना सोबत नेणार आहे. बैठक बोलावलीत तर चिन प्रांत, पाण्याची मानके, लागणारे साहित्य या सगळ्याची कागदपत्रे घेऊन मी वेळेवर हजर राहीन.

आपली नम्र,
समितीची एक सदस्य,
निवृत्त आरोग्य सहायिका, खान्देश